लॅब्राडोरच्या थंड पाण्याकडे

आज सकाळी अकरालाच कूलरमध्ये दुसऱ्यांदा पाणी भरावं लागलं. नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सर्वांत कडक नऊ दिवस, लागायला अजून आठवडा आहे, पण नागपुरात धरमपेठेतले रस्ते बारानंतर ओस पडतात. खिडकीला वाळ्याचा पडदा भिजवून लावला आहे. जेवणाच्या टेबलावर कॅनडाच्या पूर्वेकडच्या न्यूफाउंडलंड बेटाचा नकाशा पसरला आहे, आणि पंख्यानं उडू नये म्हणून त्याच्या चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवल्या आहेत. जूनच्या शेवटी आम्ही चौघं तिकडे निघतोय. मी, हे, मुलगी मुग्धा आणि जावई निनादराव. मुग्धा हॅलिफॅक्सला असते, गाडी तिचीच. १४ दिवसांचा प्रवास आहे. व्हिसा आला, तिकिटं झाली. उरलाय तो सगळा रस्त्याचा हिशोब, आणि तो मी मागून घेतलाय.

महालातल्या मुलींच्या शाळेत मी ३१ वर्षं भूगोल शिकवला. सागरी प्रवाहांचा धडा आला की लाल खडूनं गल्फ प्रवाह काढायचा, निळ्या खडूनं लॅब्राडोरचा. दोन्ही बाण न्यूफाउंडलंडच्या आग्नेयेला एकमेकांना भिडवायचे आणि सांगायचं, की उष्ण आणि शीत प्रवाह इथे भेटतात म्हणून दाट धुकं पडतं, आणि म्हणूनच इथे मासे भरपूर. एकदा मागच्या बाकावरून एका मुलीनं विचारलं, "मॅडम, ते पाणी थंड म्हणजे किती थंड असते?" मी म्हटलं, खूप. ती बसली नाही. "खूप म्हणजे किती?" माझ्याकडे आकडा नव्हता. पुस्तकातही नव्हता. घंटा झाली आणि तास संपला.

ती मुलगी आता कुठे असेल माहीत नाही, पण तिचा प्रश्न माझ्याकडेच राहिला. गेल्या महिन्यात सीताबर्डीवर प्रयोगशाळेचं सामान मिळतं त्या दुकानातून एक थर्मामीटर आणला. त्याला सुतळी बांधून मोज्यात गुंडाळून बॅगेत ठेवला आहे. बाकी बॅग अजून भरायचीच आहे.

निनादरावांनी पहिल्यांदा जो बेत पाठवला त्यात ते पूर्ण वेढा घालणार होते. न्यूफाउंडलंडहून समोरच्या मुख्य भूमीवरचा लॅब्राडोर, तिथून हॅपी व्हॅली-गूस बे, लॅब्राडोर सिटी, मग क्विबेकमधून खाली. लॅब्राडोर आडवा कापणारा हा महामार्ग २०२२ साली पूर्ण डांबरी झाला, त्यामुळे त्यांचा उत्साह मी समजू शकते. पण पोर्ट होप सिम्पसन सोडलं की गूस बेपर्यंत जवळपास ४०० किलोमीटर पेट्रोल पंप नाही, दुकान नाही, बहुतेक ठिकाणी मोबाइलला रेंज नाही. म्हणजे नागपूरहून निघून जळगावपर्यंत जायचं आणि वाटेत चहाची एकही टपरी नाही. मी फोनवर सांगितलं, "निनादराव, एवढं अंतर कापायला जीव लावू, पण मग बघायचं कधी?" ते थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आई, तुम्हीच आखा."

म्हणून मी आखला. न्यूफाउंडलंडचा फक्त पश्चिम किनारा, वर सेंट बार्बपर्यंत, तिथून सामुद्रधुनी ओलांडून लॅब्राडोरचा दक्षिण टोकाचा पट्टा, मेरीज हार्बरपर्यंत. तिथून मागे फिरायचं. अशा भागात बेत आपण आखत नाही, फेरीबोट, पेट्रोल आणि धुकं हे तिघं आखतात. आपण फक्त त्यांच्यामध्ये दिवस बसवायचे.

हॅलिफॅक्सहून नॉर्थ सिडनी ४०० किलोमीटरच्या थोडं वर. तिथून मोठी फेरीबोट, गाडीसकट, सात तासांत पोर्ट ओ बास्कला सोडते. उतरल्या उतरल्या पुढे निघायचं असं मुग्धाचं म्हणणं होतं. मी तिथेच मुक्काम धरलाय. कारण गावाबाहेर पडताच रेकहाउस नावाची जागा लागते. लाँग रेंज पर्वतावरून उतरणारा वारा तिथे इतका जोर धरतो, की जुन्या काळी रेल्वेचे डबे रुळांवरून उलटे पडायचे. त्या वाऱ्यावर नजर ठेवायला रेल्वेनं तिथेच राहणाऱ्या लॉकी मॅकडूगल नावाच्या माणसाला नेमलं होतं. तो वाऱ्याचा अंदाज घ्यायचा आणि फोन करून सांगायचा, आज गाडी सोडू नका. ती रेल्वे १९८८ साली बंद झाली, वारा आहे तिथेच आहे. रात्री अनोळखी रस्त्यावर त्याच्या तावडीत मला जायचं नाही.

रात्री गाडी चालवायची नाही, हा नियम तर मी वहीच्या पहिल्या पानावर लिहिलाय. ह्यांना तो समजावून सांगावा लागला नाही. २०१६ साली काटोलहून परत येताना संध्याकाळी सातच्या सुमाराला एक रोही, म्हणजे नीलगाय, डावीकडच्या तुरीतून थेट रस्त्यावर आला. ह्यांनी ब्रेक दाबला तरी बॉनेट गेलंच. रोही उठून लंगडत पलीकडे गेला. आम्ही दोघं काच झटकत रस्त्याच्या कडेला उभे होतो आणि माझे हात बराच वेळ थांबत नव्हते. तिकडे रोहीच्या जागी मूस आहे, हरणाच्या कुळातला. मोठा नर ४००-५०० किलोंचा, पाय लांब. गाडी पायांना धडकते आणि सगळं धड समोरच्या काचेवर येतं. उंचीमुळे त्याचे डोळे पुष्कळदा दिव्यांच्या झोतात चमकतही नाहीत. मुळात हा प्राणी त्या बेटावरचा नव्हेच. १९०४ साली न्यू ब्रन्सविकहून चार मूस आणून सोडले होते, आज त्यांची संख्या लाखाच्या वर आहे. जूनअखेर तिथे दिवस सोळा तासांहून मोठा असतो, त्यामुळे अंधाराआधी मुक्कामाला पोचणं अवघड नाही. पहाट आणि तिन्हीसांजाही टाळायच्या.

ग्रोस मोर्नसाठी मी तीन रात्री ठेवल्या आहेत आणि त्यातली एकही कमी करणार नाही. १९८७ पासून जागतिक वारसा यादीत असलेलं हे राष्ट्रीय उद्यान. तिथल्या वेस्टर्न ब्रूक पाँडपर्यंत तीन किलोमीटर चालत जायचं आणि मग बोटीतून दोन्ही बाजूंच्या उभ्या कड्यांमधून फिरायचं. मूळचा हा फिओर्ड, म्हणजे हिमनदीनं कोरलेली समुद्राची खाडी, पण आता समुद्रापासून तुटून गोड्या पाण्याचा झालेला. ते सुंदरच असणार. मला मात्र जास्त ओढ आहे टेबललँड्सची. तिथे पृथ्वीचं प्रावरण उघड्यावर आलंय. भूकवचाच्या खालचा, एरवी कधीही डोळ्यांना न दिसणारा थर, महासागर मिटताना वर ढकलला गेला आणि तसाच राहिला. त्या पेरिडोटाइट दगडात लोह आहे, ते गंजून सगळा डोंगर नारिंगी-तपकिरी झालाय. मातीत झाडांना लागणारं पोषण नाही आणि धातू विषारी, म्हणून त्यावर जवळजवळ काही उगवत नाही. समोरचा डोंगर मात्र हिरवागार. आपल्या सीताबर्डीच्या टेकडीचा काळा दगड म्हणजे अशाच प्रावरणाचा वितळून वर आलेला अंश. आयुष्यभर तो अंश पायाखाली होता, आता मूळ दगडाला हात लावता येईल. ह्यांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मग तीनच्या चार रात्री कर ना." पण फेरीबोट आडवी येते.

सेंट बार्ब ते ब्लाँ-साब्लाँ, बेल आइलची सामुद्रधुनी, पावणेदोन तास. इथे घड्याळानं मला दोन दिवस गुंतवून ठेवलं. न्यूफाउंडलंडची वेळ आपल्यासारखीच अर्ध्या तासाची. उन्हाळ्यात ती आपल्यापेक्षा बरोबर आठ तास मागे. म्हणजे माझ्या मनगटावरच्या घड्याळाचा मिनिटकाटा तिथेच राहणार, फक्त तासकाटा आठ घरं मागे घ्यायचा. पण ब्लाँ-साब्लाँ क्विबेकमध्ये आहे आणि तिथले लोक उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाहीत, त्यामुळे गावाची वेळ उन्हाळ्यात न्यूफाउंडलंडच्या दीड तास मागे. फेरीबोट सुटते न्यूफाउंडलंडच्या वेळेनं. परतताना कोणी गावातल्या भिंतीवरचं घड्याळ बघून निवांत निघाला तर धक्क्यावर पोचेपर्यंत बोट पाण्यात दूर गेलेली. गावापासून काही किलोमीटरवर लॅब्राडोरची हद्द लागली की पुन्हा न्यूफाउंडलंडची वेळ. मी वहीत सगळ्या वेळा एकाच वेळेत लिहिल्या आहेत आणि मुग्धाला बजावलंय, फोन आपोआप काय दाखवतो त्यावर जायचं नाही.

सामुद्रधुनीतलं धुकं आणि वारा बोट अडवून ठेवतात. म्हणून परतीच्या बोटीआधी एक अख्खा दिवस मी कोरा सोडलाय. त्या दिवसावर घरात सगळ्यात जास्त बोलणं झालं. निनादरावांना तो वाया वाटतो. मला वाटतं, तोच दिवस बाकीच्या तेरा दिवसांना धरून ठेवतो.

लॅब्राडोरच्या बाजूला पॉइंट अमूरचं दीपगृह आहे, १८५७ सालचं, ३३ मीटर उंच. पुढे रेड बे. १६ व्या शतकात स्पेन-फ्रान्सच्या सीमेवरचे बास्क लोक अटलांटिक ओलांडून इथे देवमासे मारायला येत, चरबी इथेच कढवत आणि तेलाची पिंपं युरोपला नेत. त्यानंतर मेरीज हार्बर, आणि तिथून होडीनं बॅटल हार्बरचं बेट. एकेकाळी खारवलेल्या कॉड माशांचं मोठं ठाणं. आता तिथे जुनी घरं नीट करून पाहुण्यांना उतरवतात. खोलीचं अजून उत्तर आलेलं नाही.

कॉडबद्दल मला इथे जरा थांबायचंय. १९९२ साली, २ जुलैला, कॅनडा सरकारनं तिथली उत्तरेकडची कॉडची मासेमारी बंद केली. मोठमोठ्या जहाजांनी वर्षानुवर्षं इतका उपसा केला होता की मासाच संपत आला. ३०,००० च्या आसपास माणसं एका दिवसात बिनकामाची झाली. गावंच्या गावं रिकामी पडत गेली. आणि त्याच वर्षी, त्याच्या पुढच्या कितीतरी वर्षी, मी नागपुरात फळ्यासमोर उभी राहून मुलींना सांगत होते की न्यूफाउंडलंडजवळ मासेमारी भरभराटीला आली आहे. पुस्तकात तसंच होतं. मला हे कळलं निवृत्तीच्या थोडं आधी. तेव्हापासून ते खुपतं. ती बंदी २०२४ साली, ३२ वर्षांनी उठली, तीही थोड्याशा मासेमारीपुरती. रस्त्यात एखादा जुना कोळी बोलायला तयार झाला तर मी फक्त ऐकणार आहे.

परतीला बेटाच्या उत्तर टोकाला लान्स ओ मेडोज. सुमारे १,००० वर्षांपूर्वी ग्रीनलंडहून आलेल्या नॉर्स, म्हणजे व्हायकिंग लोकांची वस्ती, १९६० साली हेल्गे आणि अ‍ॅने स्टीने इंगस्टाड या नॉर्वेच्या जोडप्याला सापडली. गावातल्या जॉर्ज डेकरनं त्यांना गवताखालचे उंचवटे दाखवले. तिथल्या लाकडावरून तोडीचं वर्ष १०२१ असल्याचं २०२१ साली सिद्ध झालं. आणि हे ठिकाण आहे साडेएकावन्न अंश उत्तरेला, म्हणजे जवळजवळ लंडनच्याच अक्षांशावर. लंडनला उष्ण प्रवाह उबदार ठेवतो, इथे जूनमध्ये हिमनग तरंगत जातात. ग्रीनलंडच्या हिमनद्यांतून सुटून दोन-तीन वर्षं वाहत आलेले. शीत प्रवाह शिकवायला याहून चांगलं उदाहरण मला कधी मिळालं नसतं. मे-जूनमध्ये ते जास्त दिसतात. जुलै लागला की दक्षिणेकडचे वितळतात, उत्तरेकडे थोडे उरतात. आपण जूनअखेर पोचतोय. एक दिसला तरी पुरे.

सामानाचं लवकर उरकते. स्वेटर, वारा अडवणारं जाकीट, फिकट रंगाचे पूर्ण बाह्यांचे कपडे. तिथल्या काळ्या माश्या चिलटांएवढ्या, पण कानामागे चावून रक्त काढतात, त्यासाठी डोक्यावरून घ्यायची जाळी. हे शाकाहारी आणि किनाऱ्यावर जेवण म्हणजे मासे, म्हणून जवसाची चटणी, मेतकूट, भाजलेले पोहे आणि तिखट-मिठाच्या पुऱ्या. विमानतळावर सगळं सांगून, फॉर्मवर लिहून न्यायचं. टाकी अर्धी झाली की पेट्रोल भरायचं, पुढे पंप असेल या भरवशावर राहायचं नाही.

काल दुपारी तीनला गच्चीवर गेले. सिमेंटच्या टाकीचं झाकण उघडून सुतळीनं थर्मामीटर आत सोडला, पाच मिनिटं थांबले. ४१ अंश. खाली येऊन वहीत दोन रकाने पाडले. पहिल्यात नागपूर, तारीख, वेळ आणि ४१. दुसऱ्यावर नुसतं सेंट बार्ब, धक्का, सकाळ एवढंच लिहून ठेवलंय.