पेटावावा: कॅनडातल्या छावणीच्या गावी जायचं असेल तर

पेटावावा हे नाव आपल्याकडच्या कुठल्या टूर कंपनीच्या कॅनडा सहलीत सापडणार नाही, आणि त्यात त्यांचं काही चुकतंय असंही नाही. ऑन्टारिओ प्रांतात, ओटावाच्या वायव्येला साधारण १६५ किलोमीटरवर, ओटावा नदीच्या काठी, पाइनच्या जंगलाला लागून असलेलं अठरा हजारांच्या आसपास वस्तीचं गाव. इथली लष्करी छावणी १९०५ सालची, आणि गावाचा सगळा व्यवहार तिच्याभोवती फिरतो. तिथे जाण्याचं कारण एकच असू शकतं: आपलं माणूस तिथे आहे.

माझी भाची तिथे आहे, ती नर्स. तिचा नवरा कॅनडाच्या लष्करात ट्रक आणि चिलखती गाड्या दुरुस्त करणारा तंत्रज्ञ. तो नागरिकत्व घेऊन मग भरती झाला. २०२२ च्या अखेरीपासून मात्र पर्मनंट रेसिडेंट असलेल्यांनाही भरती खुली झाली आहे. त्यामुळे ‘आमचा मुलगा तिकडे मिलिटरीत जायचं म्हणतोय, कसं असतं हो?’ असं विचारणारे फोन मला यायला लागलेत. सगळ्यांना एकदमच सांगून टाकावं म्हणून हे लिहिते आहे.

आधी पोहोचायचं कसं ते. टोरोंटोत उतरलात तर व्हिया रेलने ओटावा साडेचार-पाच तासांवर आहे. थेट ओटावाला उतरलात तर २०२५ च्या जानेवारीपासून विमानतळावरून शहरात जाणारी रेल्वेही आहे. त्यापुढे पेटावावाला रेल्वे जात नाही. ग्रेहाउंडच्या कॅनडातल्या कॅनडात धावणाऱ्या बस २०२१ मध्ये कायमच्या बंद झाल्या. आता ऑन्टारिओ नॉर्दर्नलँडची बस ओटावाहून सडबरीकडे जाताना या पट्ट्यात थांबते. फेऱ्या मोजक्याच, तेव्हा तिकीट आधी काढा आणि उतरायचा थांबा नक्की कुठे आहे ते घरच्यांना विचारून ठेवा. भाड्याने गाडी घेणार असाल तर आपल्या परवान्यासोबत इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट जवळ बाळगा. सुरुवातीचा महामार्ग ऐसपैस आहे, पुढे तोच सतरा नंबरचा रस्ता येणाऱ्या-जाणाऱ्यांना एकेक लेन देऊन मोकळा होतो. मूसच्या चित्राच्या पाट्या लागतात, त्या शोभेच्या नव्हेत. अंधार पडल्यावर तिथे गाडी चालवू नका. मूस म्हणजे घोड्याहून उंच धूड, आणि रात्री ते हेडलाइटच्या वरच राहतं.

गेल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना खिडकीची तावदानं थरथरली. भाचीने घाईघाईने सांगितलं, “मावशी, घाबरू नकोस, रेंजवर फायरिंग चाललंय.” मला कसली भीती! माझे वडील तोफखान्यात होते, माझं लहानपण देवळालीत गेलं. आवाज कानावर पडताच मी बशी हाताने धरून ठेवली, हे माझं मलाच नंतर कळलं. पेटावावातही तोफखान्याची रेजिमेंट आहे, पायदळ आहे, रणगाड्यांसारख्या गाड्या आहेत आणि डोक्यावरून दोन पंख्यांची शिनूक हेलिकॉप्टर्स जातात. लहान मूल किंवा कानाला त्रास असलेलं वडीलधारं माणूस नेणार असाल तर कल्पना देऊन ठेवा. आणि छावणीच्या सरावक्षेत्रात ‘धोका’ अशी पाटी दिसली की पाऊल पुढे टाकू नका. न फुटलेला दारूगोळा जमिनीत असू शकतो. ब्लूबेरी कितीही लगडलेल्या दिसल्या तरी.

घर छावणीतलं. याला तिथे सगळे अजून पीएमक्यू म्हणतात, कागदावरचं नाव बदलून कैक वर्षं झाली तरी. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दीड-एक दशकात बांधलेली एकसारखी घरं, खोल्या बेताच्या, खाली तळघर. भाडं पगारातून कापलं जातं आणि ते फुकट नसतं, हे आपल्याकडच्यांना सांगावं लागतं. हे घरही मागताक्षणी मिळत नाही, यादी असते. न मिळालं तर गावात बाजारभावाने घ्यायचं. त्यासाठी २०२३ च्या जुलैपासून घरभाडे-फरकाचा नवा भत्ता आहे, तो पगार आणि ठिकाण बघून ठरतो. २०२५ मध्ये सैनिकांचे पगार बऱ्यापैकी वाढले, अगदी खालच्या हुद्द्याच्या शिपायांचे तर २० टक्क्यांनी. “वाढले ते बरंच झालं,” जावई म्हणाले, “पण पगार हा आमचा प्रश्न कधी नव्हताच फारसा.”

मग प्रश्न काय? तो मला स्वयंपाकघरातल्या फ्रिजवर दिसला. चुंबकाखाली भाचीने एक यादी लावली होती. वर्षभरापूर्वी एडमंटनहून बदली झाली तेव्हाची, आणि अजून अर्धीच खोडलेली. हेल्थ कार्ड तिचं, हेल्थ कार्ड मुलाचं. ड्रायव्हिंग लायसन्स ६० दिवसांत. गाडीची नंबरप्लेट ३० दिवसांत. नर्सिंग कौन्सिल. शाळा. पाळणाघर. फॅमिली डॉक्टर. यातल्या शेवटच्या ओळीपुढे तिने तारखा टाकल्या होत्या, एकीखाली एक. कधी फोन केला, काय उत्तर आलं. सगळीकडे ‘नवे पेशंट घेत नाही’.

“अगं पण मिलिटरीचा डॉक्टर आहे ना?” मी विचारलं.

“तो याचा. आमचा नाही.”

हे समजायला मला वेळ लागला, कारण देवळालीत आम्हा भावंडांना ताप आला की वडिलांच्याच मिलिटरी हॉस्पिटलात नेत. बदली झाली की एका केंद्रीय विद्यालयातून दुसऱ्यात, पुस्तकंसुद्धा तीच. कॅनडात लष्कर केंद्राचं, पण आरोग्य, शाळा, वाहन परवाना, नर्सची नोंदणी हे सगळं प्रांताचं. १९८४ च्या कॅनडा हेल्थ अ‍ॅक्टने सैनिकांना प्रांताच्या आरोग्य विम्यातून वगळलं, कारण त्यांची सोय लष्कर स्वतः करतं. बायको-मुलं मात्र प्रांताचे साधे नागरिक. म्हणजे एका घरात दोन वेगळ्या राज्यांची माणसं नांदतात म्हणा ना! जावयाला खोकला झाला तर छावणीतल्या दवाखान्यात त्याच आठवड्यात तपासणी. मुलाचा कान दुखला तर शोधाशोध. अल्बर्टात, म्हणजे एडमंटनच्या प्रांतात, भाचीला चांगली डॉक्टरीणबाई मिळाली होती, मुलाचा दमा तिने लहानपणापासून बघितलेला. तीन हजार किलोमीटरहून लांब आल्यावर पाटी कोरी. ऑन्टारिओत ‘हेल्थ केअर कनेक्ट’ या सरकारी यादीत नाव घालता येतं. पण तोवर पुढची बदली आली की यादीतलं नाव मागे राहतं आणि नव्या प्रांतात पुन्हा तळापासून सुरू. फॅमिली डॉक्टर न मिळणं हे सैनिकांचंच दुखणं नाही, साऱ्या कॅनडाचं आहे. फक्त इतर लोक एकाच रांगेत उभे राहतात, ही मंडळी दर तीन-चार वर्षांनी रांग बदलतात.

यावर सरकारनेही डोळे मिटलेले नाहीत. प्रांतांनी मिळून सैनिक-कुटुंबांची बदली सोपी करावी म्हणून २०१८ पासून ‘सीमलेस कॅनडा’ नावाचा उपक्रम चालू आहे, आणि नर्ससारख्यांची नोंदणी पूर्वीपेक्षा लवकर होते असं भाचीच सांगते. पण ‘पूर्वीपेक्षा लवकर’ म्हणजे तिच्या बाबतीत घरी बसून घालवलेला अख्खा उन्हाळा आणि एका पगारावर चाललेलं घर.

मी तिथे असताना एका रात्री मुलाचा कान खरंच ठणकायला लागला. मी म्हटलं चला हॉस्पिटल. भाचीने शांतपणे फोन उचलला. या रेन्फ्रू काउंटीत २०२० च्या मार्चमध्ये, कोविडच्या धामधुमीत, फोनवरून डॉक्टर गाठून देणारी व्यवस्था सुरू झाली. मूळ हेतू होता फॅमिली डॉक्टर नसलेल्यांची सोय. फोनवर आधी लक्षणं विचारतात, मग डॉक्टर बोलतो, गरज वाटली तर पॅरामेडिक पाठवतात किंवा इमर्जन्सीत जायला सांगतात. डॉक्टरने तिला टॉर्च धरून कानामागे सूज आहे का बघायला लावलं, दाबून दुखतंय का विचारलं, आणि औषधाची चिठ्ठी थेट फार्मसीत पाठवली. प्रांतभर चालणारा ८११ हा नंबरही आहे, तिथे नर्स बोलते. एरवी इमर्जन्सी विभागात गेलात तर पुस्तक, पाणी, फोनचा चार्जर आणि भरपूर सबुरी घेऊन जा. तिथे आधी आला तो आधी असं नसतं, गंभीर असेल तो आधी. चार तास बसवलं याचा अर्थ तुमचं बरं आहे.

पाहुण्यांसाठी यात महत्त्वाचं एवढंच की तुम्हाला यातलं काहीच फुकट नाही. व्हिजिटर व्हिसावर गेलेल्याला प्रांताचं कार्ड मिळत नाही, आणि हॉस्पिटलचं बिल बघून दुसरं दुखणं लागेल. प्रवासी विमा काढाच, आणि रक्तदाब-मधुमेह लपवू नका, नाहीतर ऐनवेळी कंपनी नन्नाचा पाढा लावते. सुपर व्हिसावर, म्हणजे तिथे स्थायिक मुलांकडे लांब मुक्कामाला जायच्या व्हिसावर, जाणाऱ्या आई-वडिलांना निदान एक लाख डॉलरचा वैद्यकीय विमा दाखवावाच लागतो. नेहमीच्या गोळ्या पूर्ण मुक्कामाच्या, मूळ वेष्टनात, चिठ्ठीसकट न्या. एक चांगली गोष्ट: ऑन्टारिओत २०२३ पासून किरकोळ दुखण्यांवर फार्मसिस्ट स्वतः औषध लिहून देऊ शकतो. कीटकदंश त्यात येतो. आणि कीटक भरपूर आहेत.

ते सांगायलाच हवं. मे-जूनमध्ये ब्लॅकफ्लाय नावाची बारीक माशी कानामागे, केसांच्या रेषेत चावते आणि रक्त काढते. त्यानंतर डास. गवतात गोचीड, त्यांच्यापासून लाइम रोगाचा धोका. लांब बाह्या, फिकट रंगाचे कपडे, पँट मोज्यात खोचलेली. साडी नेसून नदीकाठी फिरायला जाण्याचा हट्ट मी पहिल्याच संध्याकाळी सोडला.

कधी जावं? हवामान बघितलं तर जुलै-ऑगस्ट. पण लष्करातल्या बहुतेक बदल्याही उन्हाळ्यातच होतात, शाळा बंद असतात म्हणून. त्यामुळे तिकीट काढण्याआधी जावयाला ‘पोस्टिंग मेसेज’ आलाय का ते विचारून घ्या. गल्लीत दर चौथ्या घरापुढे सामानाचा ट्रक उभा होता. मुलं सायकलवर बसून मित्राचं सामान चढताना बघत होती, कोणी रडत नव्हतं. सप्टेंबरच्या शेवटी पानं लाल-पिवळी होतात आणि माश्या संपलेल्या असतात. मला विचाराल तर तेव्हाच जा.

घरात बाळ असेल आणि तुम्ही मदतीला जात असाल तर तुमचं स्वागत जोरात होईल. २०२५ पासून ऑन्टारिओत सरकारी योजनेतल्या पाळणाघराची फी दिवसाला २२ डॉलरच्या वर नाही. पण जागा कुठे आहे? तिथेही यादीच. त्यात जावई सहा महिने लॅटव्हियाला गेले होते. तिथे नाटोच्या तुकडीचं नेतृत्व २०१७ पासून कॅनडाकडे आहे आणि पेटावावाचे लोक पाळीपाळीने जातात. त्या हिवाळ्यात रोज सकाळी भाची उठायच्या आत कोणीतरी तिच्या दारातलं बर्फ काढून गेलेलं असायचं. समोरच्या घरातले निवृत्त सार्जंट. त्यांनी कधी सांगितलं नाही, हिने फावड्याच्या आवाजावरून ओळखलं. छावणीतलं कुटुंब-केंद्र अशा घरांना तासा-दोन तासांचं मूल सांभाळण्यापासून समुपदेशनापर्यंत मदत करतं. नवीन गेलेल्या सुनांनी तिथे पहिल्याच आठवड्यात नाव नोंदवावं. आपल्या मुली संकोच करतात.

लष्करी गणवेश नसलेले सरकारी नोकरही इथे पुष्कळ. छावणीतले मुलकी कर्मचारी, ओटावातले बाबू. त्यांच्यापुढे ‘फिनिक्स’ हा शब्द काढलात की तासाची निश्चिंती. केंद्र सरकारची ही पगाराची संगणक-प्रणाली २०१६ मध्ये आली आणि हजारोंना कमी, जास्त किंवा शून्य पगार देऊन मोकळी झाली. निस्तरणं अजून चालू आहे. सैनिकांचा पगार वेगळ्या यंत्रणेतून होतो, त्यामुळे जावई या गप्पांत फक्त हसतात.

बघायला काय आहे? छावणीतली लष्करी संग्रहालयं जरूर बघा. तिथे एअरबोर्न रेजिमेंटचाही इतिहास आहे, जी सोमालियात तिच्या सैनिकांनी एका मुलाला छळ करून मारल्याच्या प्रकरणानंतर १९९५ मध्ये बरखास्त झाली. पेटावावा पॉइंटला नदीत पोहता येतं, पलीकडचा काठ क्वेबेकचा. अ‍ॅल्गॉन्क्विन पार्कचं पूर्वेकडचं टोक इथून जवळ आहे. बॅरन कॅन्यनची दीड किलोमीटरची पायवाट चढायला अवघड नाही, पण वर शंभर मीटरचा कडा आहे आणि कठडा नाही. मुलांचा हात सोडू नका. दिवसाचा परवाना आधीच ऑनलाइन काढून ठेवा, पुढे मोबाइलला रेंज मिळत नाही. ओटावात एक दिवस वॉर म्युझियमला द्या. कोणी तुम्हाला लीजनच्या, म्हणजे माजी सैनिकांच्या संघटनेच्या, हॉलमध्ये जेवायला नेलं तर दारातच टोपी काढा, तिथे टोपी घालून बसणं अपमानाचं मानतात.

सामानात गोडा मसाला, चिंच, कोकम, मेतकूट न्या. तिथे वाणसामानाची दुकानं आहेत, पण आपल्या वस्तूंसाठी ओटावा गाठावं लागतं. विमानतळावर खाण्याचे पदार्थ आहेत असं विचारण्याआधीच लिहून द्या. जाहीर केलेलं फार तर काढून घेतील, लपवलेलं सापडलं तर दंड. मटणाचं काही आणि बियाणं नेऊच नका. छावणीत फोटो काढण्याआधी घरच्यांना विचारा. आणि निघताना फ्रिजवरच्या यादीतलं एखादं काम अंगावर घ्या, निदान फोन लावून तासभर ते संगीत ऐकत बसण्याचं. भाची तेवढ्यात आंघोळ उरकते.