किट मुंबईत, नमुने रत्नागिरीत: सायटोकाईन मोजण्याचा माझा अनुभव

लेप्टोस्पायरोसिसच्या रुग्णांच्या सीरममध्ये (रक्त गोठल्यावर वेगळ्या होणाऱ्या द्रवात) इंटरल्यूकिन-6 आणि टीएनएफ-अल्फा ही सायटोकाईन, म्हणजे पेशींनी सोडलेली संदेशवाहक प्रथिने, किती वाढतात, हे मला प्रबंधासाठी एलायझा पद्धतीने, म्हणजे रंगाच्या गडदपणावरून प्रमाण ठरवणाऱ्या चाचणीने, मोजायचे होते. एथिक्स कमिटीची मंजुरी, रुग्णांची संमती, भातलावणीच्या दिवसांत नमुने गोळा करणे हे सगळे वेळेत झाले. घोडे अडले ते किटपाशी, आणि त्याचा संताप अजून ओसरलेला नाही.

या किटमधील बहुतेक घटक 2 ते 8 अंश सेल्सिअसला ठेवावे लागतात. वितरकाने कोटेशनमध्ये ‘रत्नागिरी पोहोच’ असे स्पष्ट लिहिले होते. परंतु माल मुंबईत आल्यावर त्यांच्या कार्यालयातून रोज नवे कारण ऐकू येऊ लागले, आणि अखेर ऐन शनिवार-रविवार मध्ये घालून त्यांनी पेटी साध्या कुरियरने रवाना केली. ती उघडली तेव्हा थर्माकोलच्या झाकणाची चिकटपट्टी सुटलेली होती आणि जेलपॅक हाताला कोमट लागत होते. ‘मॅडम, एवढ्याने काही होत नाही,’ असे मला फोनवर सांगण्यात आले. होत कसे नाही? स्टँडर्डमधील, म्हणजे तुलनेसाठी किटमध्ये दिलेल्या ठरावीक प्रमाणाच्या द्रावणातील, प्रथिन खराब झाले तर त्याचा रंग फिका येतो, आणि त्याच्याशी तुलना केल्यावर रुग्णाच्या नमुन्यातील प्रमाण आहे त्याहून जास्त दिसते. मी पेटी परत केली आणि ते योग्यच केले, असे मला आजही ठामपणे वाटते.

बदली किटची वाट पाहताना खरी काळजी उणे 80 अंशांच्या फ्रीजरची होती, कारण पावसाळ्यात आमच्याकडे वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो. नमुना वितळून पुन्हा गोठला की सायटोकाईनचे प्रमाण बदलू शकते; म्हणून सीरम पहिल्याच दिवशी छोट्या नळ्यांत वाटून ठेवावे. रक्त घेतल्यावर सीरम वेगळे करण्यासही उशीर नको, कारण नळीतल्या पेशी सायटोकाईन सोडत राहतात.

शेवटी विभागातील सहायक लसीकरणाचा व्हॅक्सिन कॅरिअर घेऊन मुंबईला गेले आणि कोकण रेल्वेने किट घेऊन आले. कॅरिअरमधील आईसपॅक हलवल्यावर आत पाणी वाजू लागेपर्यंत बाहेर ठेवले होते. तसे न केल्यास कडेच्या बाटल्या गोठण्याची भीती असते.

प्रत्यक्ष चाचणी एका दिवसात उरकते. प्लेटवर 96 खळगे असतात. स्टँडर्डच्या ब्लँकसह (ब्लँक म्हणजे प्रथिन नसलेला खळगा) आठ पातळ्या दुहेरी, म्हणजे प्रत्येकी दोन खळग्यांत, लावल्या की तशाच दुहेरी लावायच्या 40 नमुन्यांपुरती जागा उरते. आम्ल घालताच निळा रंग पिवळा झाला आणि 450 नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशात मोजल्यावर स्टँडर्डचा आलेख हवा तसा वळलेला दिसला, तेव्हा मला फार समाधान वाटले.

ऑर्डर देण्यापूर्वी लॉट (उत्पादनाची खेप) क्रमांक, मुदत आणि पेटीत तापमान-नोंदक ठेवण्याची अट लेखी घ्यावी. एकाहून अधिक प्लेट लागणार असतील तर सर्व एकाच लॉटच्या मागाव्यात.