सांगली ते कुंभार्ली : ट्रकच्या केबिनमधून दिसलेले दिवे

सांगलीहून चिपळूणला एसटीनं गेलोय, कारनंही गेलोय. पण मला हा रस्ता एकदा ट्रकच्या केबिनमधून बघायचा होता, आणि तोही रात्री. समोरासमोर येणारे ट्रकवाले दिव्यांनी एकमेकांना काहीतरी सांगत असतात, हे कारच्या सीटवरून दिसतं. पण काय सांगतात ते अर्धंच कळतं. आमचे दाजी, म्हणजे चुलतबहिणीचे यजमान, दहा चाकी चालवतात. डिसेंबरात त्यांना चिपळूणचं भाडं लागलं, हळदीची पोती आणि गुळाचे रवे, आणि मी लगेच म्हणालो, मला घेऊन चला.

"या की. पर झोपायचं न्हाय बरं का, पाव्हणं. शेजारचा पेंगायला लागला की ड्रायव्हरला बी झोप येती."

मार्केट यार्डातून ताडपत्री बांधून निघेपर्यंत अंधार पडला होता. केबिनमध्ये हळदीचा वास भरलेला, समोर जोतिबाचा फोटो, मागच्या फळीवर क्लिनर पोरगा पाय पोटाशी घेऊन बसलेला. दाजींचा डावा हात गिअरवर, उजवा स्टिअरिंगवर. डिपरची, म्हणजे हेडलाईटचा झोत वर-खाली करायची, दांडी इतकी वापरलेली की तिच्यावरची चिन्हं पुसून गेली होती. रात्रभर मी त्या दांडीकडेच बघत होतो म्हटलं तरी चालेल.

आष्ट्याच्या अलीकडे पहिला धडा मिळाला. समोरून एक ट्रक आला, त्यानं दोनदा पटापट लाईट मारला आणि निघून गेला. आमचा लाईट आधीच खाली होता, म्हणजे 'डोळ्यांवर येतोय, डिपर कर' असं तो सांगत नव्हता. दाजींनी लगेच रेसवरचा पाय काढला.

"पुढं कायतरी हाय. ऊस असंल, न्हायतर साहेब उभं असतील."

"कशावरून?"

"आपला लाईट वर असता तर त्यो आपल्या लाईटसाठी बोलला असता. आपला खालीच हाय. मग दुसरं काय असणार?"

मला हे फार मोलाचं वाटलं. खूण एकच, पण अर्थ लावायचा तो आपण त्या क्षणी काय करतोय हे बघून. आपल्याकडून काही चुकत नसताना समोरचा लाईट मारतोय, म्हणजे तो आपल्याबद्दल बोलत नाही, रस्त्याबद्दल बोलतोय. त्याच्या मागं जे राहिलं ते आपल्या पुढं येणार आहे.

पुढच्या वळणानंतर ऊस आलाच. गळीत हंगामात सांगली-सातारा पट्ट्यात रात्री गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला हे दृश्य माहीत आहे. एक ट्रॅक्टर, मागं दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला. मागच्या ट्रॉलीला लाल दिवा नाही. एक रिफ्लेक्टर होता, त्यावर पाचट लोंबत होतं. उसावर बसलेला एक माणूस मोबाईलची बॅटरी हलवत होता, मागच्यांसाठी तेवढाच काय तो उजेड. दाजींनी वेग उतरवला आणि चारही इंडिकेटर लावले. मला वाटलं, ट्रॅक्टरवाल्याला काही सांगायचंय.

"आवं, त्येला कशाला? मागं एसटी हाय. तिला माझी गाडी दिसती, माझ्याम्होरचा ट्रॅक्टर न्हाय दिसत. ती मला वलांडाय निघाली तर एकदम दोन गाड्या वलांडाव्या लागतील तिला."

आरशात बघितलं तर एसटी मागं सरली होती. तिच्या ड्रायव्हरनं एकदा डिपर दिला, कळलं म्हणून. मग दाजींनी चारी इंडिकेटर बंद करून फक्त उजवा लावला, समोर मोकळं बघून ट्रॅक्टर मागं टाकला, आणि डाव्या बाजूला येऊन पुन्हा पहिल्यासारखे चालू लागले. सगळं अर्ध्या मिनिटाचं काम. पण त्या अर्ध्या मिनिटात एसटीतल्या झोपलेल्या माणसांची काळजी एका अनोळखी ट्रकवाल्यानं घेतली होती, आणि त्यांच्यातल्या कुणालाही ते कधीच कळणार नाही.

इस्लामपूर करून पेठ नाक्याला महामार्गाला लागलो. इथून कराडपर्यंत रस्ता रुंद, मध्ये दुभाजक, आणि सहापदरीकरणाच्या कामामुळं जागोजागी वळवलेला. समोरची वाहतूक पलीकडच्या बाजूला गेली की दिव्यांचं निम्मं बोलणं संपतं. दाजी म्हणाले की याच महामार्गावर पुढं खंबाटकीला बोगदा नव्हता तेव्हा चढणारे आणि उतरणारे त्याच घाटात एकमेकांना भेटायचे, आणि रात्रभर डिपर चालायचा. बोगदा झाला तसे पुण्याकडे जाणारे बोगद्यातून जाऊ लागले, साताऱ्याकडे येणारे घाट चढत राहिले, त्यामुळं भेट संपली. अपघाताच्या दृष्टीनं ते चांगलंच झालं, त्यात वाद नाही.

तरीही महामार्गावर एक खूण टिकून आहे, आणि मला ती सगळ्यांत सुरेख वाटते. कासेगावच्या आसपास एक लांबलचक कंटेनर आम्हाला ओलांडायला लागला. मालवाहू गाड्यांना वेगमर्यादेचं यंत्र बसवलेलं असतं, ताशी ८० किलोमीटरच्या वर गाडी जात नाही. दोन्ही गाड्या तशाच असल्या की ओलांडणं म्हणजे गोगलगायींची शर्यत. कंटेनर इंचाइंचानं पुढं सरकत होता. त्याच्या ड्रायव्हरला आपलं शेपूट नक्की कुठं आहे ते रात्री आरशात नीट दिसत नाही. त्याला दोन उजेड दिसतात, पण मधलं अंतर कळत नाही. आम्हाला मात्र ते अंतर काचेसमोर स्वच्छ दिसत होतं. दाजींनी आधी रेस जराशी कमी केली. कंटेनरचा शेवटचा लाल दिवा आमच्या नाकाच्या पुढं गेला, अजून थोडा गेला, आणि मग त्यांनी एकदाच डिपर मारला. ये आत. कंटेनर डावीकडे सरकला आणि त्याचे मागचे इंडिकेटर डावा, उजवा, डावा असे लुकलुकले.

"आभार मानतोय त्यो," मागून क्लिनर पोरगा म्हणाला. त्याला झोप लागलीय असं मी समजत होतो.

ब्रिटनमधले लॉरीवालेही अगदी असंच करतात. तेही आपल्यासारखेच डावीकडून चालतात, आणि युरोपभर अवजड ट्रकना ताशी ९० किलोमीटरची यंत्रं बसवलेली असतात, त्यामुळं ओलांडायला तिथंही असाच वेळ लागतो. मागं पडलेला लॉरीवाला गाडीचं शेपूट मोकळं झालं की दिवा मारतो, पुढचा आत येतो आणि इंडिकेटर डावी-उजवीकडे लुकलुकवून आभार मानतो. तिथल्या सरकारी हायवे कोडला मात्र हे मान्य नाही. त्याचा ११० वा नियम सांगतो की हेडलाईट मारायचा तो फक्त 'मी इथं आहे' हे कळवायला, दुसरा कुठलाही निरोप द्यायला नाही. नियमामागचं कारण मला पटतं, कारण दिव्याचा अर्थ दोघांनी दोन तऱ्हेनं लावला तर माणूस जातो. तिथं एकदा दिवा मारणं म्हणजे बहुतेक वेळा 'ये, तुला वाट देतो'. आपल्याकडे अरुंद पुलावर समोरच्यानं लाईट मारला तर त्याचा अर्थ नेमका उलटा, 'मी येतोय, तू थांब'. तिकडून सुट्टीला आलेल्यानं आपल्या पुलावर तिकडचा अर्थ लावला तर काय होईल, याचा विचारही नको वाटतो. तरीही कंटेनरला दिलेला तो एक डिपर चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. जे दुसऱ्याला दिसत नाही आणि आपल्याला स्पष्ट दिसतं, ते त्याला सांगणं हे कर्तव्यच आहे.

कराडला कोल्हापूर नाक्यावर चहा झाला आणि आम्ही पाटणच्या रस्त्याला वळलो. मल्हारपेठ, नवारस्ता, पाटण. कोयनेच्या काठाकाठानं जाणारा हा रस्ता मला फार आवडतो, पण त्या रात्री नदीकडे लक्ष नव्हतं. समोरून येणाऱ्या बहुतेक ट्रकांचा उजवा इंडिकेटर लुकलुकत होता. वळायला तर उजवीकडे काहीच नव्हतं, नुसतं शेत.

दाजींनी समजावलं. अंधारात समोरच्याला आपले दोन दिवे दिसतात, पण गाडीचं अंग दिव्यांच्या बाहेरही असतं. माल बाहेर आलेला असतो, ताडपत्री फुगलेली असते. उजवा इंडिकेटर लावला की समोरच्याला कळतं, गाडी इथपर्यंत आहे, याच्या आत येऊ नको. तोच उजवा इंडिकेटर पुढच्या ट्रकनं मागच्यासाठी लावला तर अर्थ 'थांब, समोरून गाडी येतेय', आणि डावा लावला तर 'जा, मोकळं आहे'.

"म्हणजे डावा दिसला की काढायची गाडी?"

"न्हाय!" इतक्या जोरात म्हणाले की पोरगा उठून बसला. "काय लोक उलटं करत्यात. काय जण डावा लावत्यात कारण त्येंना खरंच डावीकडं वळायचं असतंय. त्येच्या डाव्यावर आपली गाडी न्हाय काढायची. त्येनं सांगितलं म्हणून आपण फकस्त बघायचं. दिसलं तर काढायची."

आणि स्वतः दुसऱ्याला साईड देताना? तिथं त्यांचा नियम आणखी कडक आहे. डावा इंडिकेटर देण्याआधी ते पुढचा रस्ता बघतात, वेग उतरवतात, चाकं डांबराच्या कडेला नेतात आणि मगच दिवा लावतात. एकदा दिला की मागची गाडी पूर्ण पुढं जाईपर्यंत वेग वाढवत नाहीत. "साईड दिली म्हंजी त्यो माणूस आपल्या भरवशावर गेला." आपल्याकडच्या १९८९ च्या वाहतूक नियमांत मागच्याला 'ओलांडून जा' म्हणायची हाताची खूण दिलेली होती. उजवा हात बाहेर आडवा काढून मागं-पुढं अर्धगोलाकार हलवायचा. जुने ट्रकवाले तसा हात करायचे, हे मी लहानपणी पाहिलंय. म्हणजे ही रीत कुणा आडाणी माणसानं रस्त्यावर काढलेली नाही. ती पुस्तकात होती. हाताच्या जागी दिवा आला आणि अर्थ मात्र कुणी लिहून ठेवला नाही.

हेळवाकला कोयना वळण घेते आणि रस्ता तिला सोडून घाटाकडे निघतो. धुकं इथंच लागलं. दाजींनी लाईट खाली केला, कारण वरचा लाईट धुक्यावर आपटून आपल्याच डोळ्यांवर येतो. कुंभार्ली उतरताना गाडी खालच्या गिअरमध्ये, पाय ब्रेकपासून शक्य तेवढा लांब. आंधळ्या वळणाआधी दोनदा अप्पर-डिप्पर, मग क्षणभर नजर समोरच्या कड्यावर. तिथं उजेड सरकताना दिसला तर खालून कुणीतरी चढतंय.

तसा उजेड दिसला. दाजींनी वळणाच्या बऱ्याच वर, कडेला गाडी उभी केली आणि हेडलाईट पूर्ण बंद केले. फक्त पार्किंगचे दोन छोटे पिवळे दिवे राहिले. समोर एकदम काळोख, इंजिनची घरघर, आणि खालून चढणाऱ्या ट्रेलरचा दमलेला आवाज. घाटात याचा अर्थ एकच : मी थांबलोय, तू ये. नियमही तेच सांगतो, अरुंद चढावर उतरणाऱ्यानं चढणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. उतरणारा थांबून पुन्हा सहज निघतो. भरलेली गाडी चढावर थांबली की तिला पुन्हा हलवणं फार अवघड.

ट्रेलरला त्या वळणावर सगळा रस्ता लागणार होता. तो निम्मा वळलाही होता. तेवढ्यात आमच्या मागं थांबलेली एक कार हॉर्न वाजवत बाहेर पडली, पांढरे झगझगीत एलईडी तसेच वर ठेवून, आणि थेट ट्रेलरच्या तोंडासमोर जाऊन उभी राहिली. ट्रेलर थांबला. वळणात, चढावर, मालासकट. त्याचा क्लिनर लाकडी ठोकळा घेऊन उडी मारून मागच्या चाकाकडे पळाला. आमचा पोरगाही न सांगता उतरला आणि बॅटरी घेऊन कारला मागं घ्यायला लावली. ट्रेलर हलला तेव्हा जळक्या क्लचचा वास आमच्या केबिनपर्यंत आला. त्या ड्रायव्हरनं एवढं होऊनही जाताना आमच्याकडे बघून हात वर केला.

मला त्या कारचा फार राग आला, अजूनही आहे. पुढचा ट्रक दिवे बंद करून उभा आहे तो बंद पडला म्हणून नाही, हे कारवाल्याला कुणी कधी सांगितलेलंच नसतं. लायसन्सच्या परीक्षेत हा प्रश्न येत नाही. म्हणून कळकळीनं लिहितोय : घाटात पुढची मोठी गाडी हेडलाईट बंद करून, पार्किंग लावून कडेला उभी दिसली तर तिच्या मागंच थांबा. तिला उंचावरून जे दिसतंय ते तुम्हाला दिसत नाही. आणि बाजारात मिळणारे ते पांढरे दिवे जास्तीचे बसवले असतील तर काढून टाका. त्या प्रकाशात समोरच्याला ना तुमचा इंडिकेटर दिसतो, ना रस्त्याची कड.

पोफळीला खाली उतरलो तेव्हा उजाडायला आलं होतं. टपरीवर दाजींनी दोन चहा एकदम मागवले आणि चिपळूणच्या व्यापाऱ्याला फोन लावला. माल उतरवून संध्याकाळी चिरे भरायचे ठरले. कोकणातून वर येताना रिकामं कुणी येत नाही. जांभ्याचं ते वजन घेऊन रात्री त्यांना हाच घाट चढायचा होता.

"आता थांबायची पाळी वरनं येणाऱ्यांची," ते म्हणाले, आणि पोराला पुढच्या काचेवरचा चिखल आणि दोन्ही हेडलाईट पुसून घ्यायला सांगितलं.