वाईट महिन्यांची यादी

रविवार, रात्री

नकाशावरच्या निम्म्या खुणा आज पुसल्या. राहायला कुठे जायचं हा विषय घरात कधीपासून चालू आहे, पण आज पहिल्यांदा हाताशी धड निकष आला. त्या जागेचा सगळ्यात वाईट महिना कोणता, आणि त्या महिन्यात मला कातळावर चढता येईल का?

निकष सुचला तो नवऱ्याच्या एका प्रश्नामुळे. मी ग्रीसमधल्या कालिम्नोस बेटाचं कौतुक करत होते. समुद्रावर उघडणारी ग्रांडे ग्रोटाची ती प्रचंड गुहा, छतातून लोंबणारे चुनखडीचे खांब, सगळं सांगून झालं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "अगं, तिथे फेब्रुवारीत काय असतं?"

फेब्रुवारीत तिथे पाऊस असतो. पाहुण्यांच्या बहुतेक खोल्यांना कुलूप असतं. मधेच लख्ख ऊन पडलं की उत्तम चढाईही होते, पण दोराच्या दुसऱ्या टोकाला उभं राहणारं माणूस शोधावं लागतं. सीझन सगळ्यांना तोंडपाठ असतो: कालिम्नोस म्हटलं की ऑक्टोबर, बदामी म्हटलं की डिसेंबर, दक्षिण आफ्रिकेतलं रॉकलँड्स म्हटलं की जून ते ऑगस्ट. तो सगळा हिशेब पाहुण्यांचा. जो तिथेच घर करणार त्याला उरलेले महिनेही काढायचे असतात.

या निकषावर सेयूज लगेच गळलं. फ्रान्समधला हा चुनखडकाचा कडा जवळपास २,००० मीटर उंचीवर आहे, आणि अमेरिकी क्लायंबर ख्रिस शर्माने २००१ मध्ये 'बिओग्राफी' हा रूट (कड्यावरची आखलेली वाट) पूर्ण केला तो इथेच. तासभर चढ चढून पायथ्याशी पोचायचं, वर निळसर कातळ आणि खाली सगळी दरी. मला विचाराल तर याहून देखणा कडा नाही. पण हिवाळ्यात तिथे बर्फ असतं. तिथे जायचं ते उन्हाळ्यात, पाहुणी म्हणून.

थायलंडचं टोनसाईही गळलं. पावसाळा आणि दमट हवा ही कारणं होतीच, पण मला थांबवलं ते बोल्टांनी, म्हणजे दोर अडकवायला कातळात बसवलेल्या खिळ्यांनी. समुद्राची खारी हवा आणि चुनखडक एकत्र आले की स्टेनलेस स्टीलचा बोल्ट आतल्या आत तडकतो. वरून चकचकीत दिसतो आणि वजन आलं की तुटतो. म्हणून तिथल्या क्लायंबर्सनी टायटॅनियमचे बोल्ट गोंदाने बसवायला घेतले. त्या कामाबद्दल मला मनापासून आदर आहे. पण रोज जिथे चढायचं तिथे प्रत्येक बोल्टला दोर अडकवताना (क्लिप करताना) 'हा जुना की नवा' असा विचार करत मला जगायचं नाही.

बुधवार

वर्षभर चढाई म्हणजे वर्षभर एकाच कड्यावर चढाई, असं कुठेच होत नाही. आज कागद-पेन्सिल घेऊन बसले तेव्हा हे नीट उलगडलं. खरं तर दोनच गोष्टी लागतात, कड्यांची तोंडं वेगवेगळ्या दिशांना हवीत आणि त्यांच्या उंचीत चांगला फरक हवा.

आधी दिशेचं. उत्तर अक्षांश ४६ घेऊ. डिसेंबरच्या शेवटी तिथे भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून साधारण २० अंशांवरच असतो. म्हणजे दक्षिणेकडे तोंड करून उभ्या असलेल्या कड्यावर ऊन जवळजवळ सरळ समोरून पडतं. जूनमध्ये तोच सूर्य दुपारी ६७ अंशांवर जातो आणि त्याच कड्याला ऊन वरून घासून जातं. कडा पंचवीसेक अंश पुढे झुकलेला असला तर स्वतःच्याच सावलीत जातो. उत्तरेकडच्या कड्यावर उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळची तिरपी किरणं सोडली तर दिवसभर गारवा. एकाच दरीत हे दोन्ही कडे समोरासमोर असतील तर अर्धं काम झालं.

उंचीचा हिशेब सोपा आहे. दर हजार मीटरला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं. लास व्हेगास सुमारे ६०० मीटरवर, आणि जवळच्या माउंट चार्ल्सटनवरचे चुनखडकाचे कडे २,४०० मीटरच्याही वर. शहर चाळिशीच्या पुढे भाजत असताना तिथे दहा-बारा अंश कमी असतात. हिवाळ्यात शहराला लागूनच रेड रॉकचा लाल वालुकाश्म आहे. नुसती चढाई बघितली तर इतकी सोयीची जागा दुसरी सापडत नाही, हे मला मान्यच करावं लागतं.

पण वालुकाश्माची एक अट असते आणि ती पाळण्याची तयारी असेल तरच त्याच्या शेजारी राहायला जावं. पावसाचं पाणी तो शोषून घेतो, आणि ओला असताना त्याची ताकद कमी होते. वरून कोरडा दिसतो, हाताला कोरडा लागतो, आणि शरीराचा भार आला की बोटाएवढी कड निखळून हातात येते. ती कड पुन्हा बसत नाही. तो रूट सगळ्यांसाठी कायमचा बदलतो. म्हणून पायथ्याची माती उकरून बघायची. वरचा पापुद्रा सुका आणि खाली बोटभर खोलीवर ओल लागली तर दोर पिशवीत ठेवायचा आणि घरी यायचं. पाऊस पडून गेल्यावर एक दिवस थांबायचं, कधी तीन. सुट्टी घेऊन आलेल्याला हे फार जड जातं. तिथे राहणाऱ्याला जड जायचं कारण नाही. मला राहायला जायचंय त्यातलं हे एक मोठं कारण आहे. कातळाला वेळ देता येईल, 'परवा परतीचं विमान आहे' म्हणून त्याच्यावर जबरदस्ती करावी लागणार नाही.

गुरुवार, पहाटे

झोप लागली नाही, बिशपचा विचार डोक्यात होता. कॅलिफोर्नियातलं हे छोटं गाव सिएरा नेवाडाच्या पूर्वेला, पर्जन्यछायेत आहे. गाव साधारण १,२५० मीटरवर, बटरमिल्कच्या अजस्र शिळा १,९०० च्या पुढे, ओवेन्स नदीच्या घळीत ज्वालामुखीचा खडक, आणि उन्हाळ्यात वर ट्वालमी मेडोजचा ग्रॅनाइट, २,६०० मीटरवर. कागदावर बाराही महिने भरतात. फक्त ट्वालमीकडे जाणारा टायोगा खिंडीचा रस्ता बर्फामुळे साधारण नोव्हेंबरपासून मे अखेरीपर्यंत बंद असतो, आणि तेव्हा त्याची गरजही नसते.

अडतं ते घरापाशी. त्या खोऱ्यातली पुष्कळशी जमीन लॉस एंजेलिस शहराच्या मालकीची आहे, पाण्यासाठी घेतलेली. १९१३ मध्ये तिथून शहराकडे कालवा गेला तेव्हापासूनची ही कहाणी. गाव पसरू शकत नाही, त्यामुळे घरं मोजकी. जे क्लायंबर तिथे वर्षानुवर्षं व्हॅनमध्ये राहतात ते हौसेनेच राहतात असं नाही. शिवाय अमेरिकेत राहायचं तर नोकरी देणारं कुणीतरी तिथलं हवं. माझं काम लॅपटॉपवरचं आहे, पण लॅपटॉपच्या जोरावर तिथे वास्तव्याचा परवाना मिळत नाही. लास व्हेगासलाही हेच लागू. दोन्ही खुणा जड हाताने पुसल्या.

शुक्रवार

उरलेल्यात सिउराना आणि आर्को. ऑस्ट्रेलियातले ब्लू माउंटन्सही यादीत होते आणि त्यांच्यात काही खोट काढता येत नाही. ब्लॅकहीथ हजार मीटरवर आहे, उन्हाळा सौम्य, हिवाळ्यात उन्हातले कडे, सिडनीपर्यंत थेट रेल्वे. नवऱ्याला तेच पसंत होतं. पण त्याचे आईवडील थकले आहेत, आणि निरोप आल्यावर किती तासांत पोचता येईल हे आम्हाला दोघांना मोजावं लागतं. त्यावर आणखी काही लिहीत नाही.

सिउराना हा कॅटलोनियातला चुनखडक. बारीक कडांवर बोटांच्या पेरांनी उभं राहायचं. शेजारी मार्गालेफ, तिथे गोट्यांचा मिश्रखडक, भोकाभोकांचा; एका भोकात एक बोट, फार तर दोन. नोव्हेंबर ते मार्च या भागासारखं सुख नाही. स्पेनने २०२३ पासून दूरस्थ काम करणाऱ्यांसाठी व्हिसा दिला आहे, त्यामुळे युरोपातल्या शेंगेन देशांत पाहुण्याला १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं, त्या चौकटीतून सुटका होते. वाईट महिने जुलै आणि ऑगस्ट. तेव्हा तिथली मंडळी पिरेनीजकडे किंवा रोदेयारकडे जातात, आणि ते अंतर संध्याकाळी काम संपवून जाण्याचं नाही. म्हणजे दोन महिने मी शनिवार-रविवारची पाहुणीच.

आर्को इटलीतल्या गार्डा सरोवराच्या उत्तर टोकाशी, समुद्रसपाटीपासून जेमतेम ९० मीटरवर. सरोवरामुळे हिवाळा इतका सौम्य की ४६ अक्षांशावर ऑलिव्हची झाडं तग धरतात. उन्हाळ्यात दुपारी दक्षिणेकडून 'ओरा' वारा सुटतो आणि सावलीतल्या कड्यांवर चढणं शक्य होतं. अगदीच उकडलं तर वर ब्रेंटा डोलोमाइट्सचे उंच डोंगर. रॉक मास्टर ही चढाईची स्पर्धा १९८७ पासून इथे होत आली आहे, त्यामुळे गावाला क्लायंबरचं नवल नाही. २०२३ च्या फेब्रुवारीत इटालियन क्लायंबर स्तेफानो गिसोल्फीने जवळच्या द्रेनाला 'एक्सकॅलिबर' हा रूट पूर्ण केला, तो ९बी+ दर्जाचा, म्हणजे जगातल्या सर्वात कठीण रूट्सपैकी. इतकं कठीण काही ऐन हिवाळ्यात जमतं, म्हणजे हवा आणि कातळ तेव्हा चांगलेच असणार.

आर्कोला माझी एक हरकत आहे आणि ती मी मागे एका शरदात तिथे चढले तेव्हापासूनची. जुन्या रूट्सवरचे होल्ड, म्हणजे पाय टेकायचे उंचवटे, बुटांनी घासून काचेसारखे झालेत. सोप्या रूटवरही पाय नुसता टेकवून चालत नाही. टाच खाली सोडायची, रबर दाबून बसू द्यायचं, मग हळूहळू भार द्यायचा. पहिल्या बोल्टच्या खाली, जिथे पडलं तर थेट जमीन, तिथे हे फार अंगावर येतं. नवरा म्हणाला, "अगं, मग आधी खालूनच काठीने पहिला बोल्ट क्लिप कर की." तो बिले करतो, म्हणजे खालून दोर सांभाळतो, म्हणून त्याला असं वाटणं साहजिक आहे, आणि त्याचं म्हणणं बरोबर आहे. वरच्या गावांकडे नवे, खरखरीत कडे बरेच उघडले आहेत, तिथे हा त्रास कमी.

आणखी एक गोष्ट आम्ही यादीत धरली नव्हती, ती म्हणजे बंद असलेले कडे. ऑस्ट्रेलियात ग्रॅम्पियन्सचा मोठा भाग २०१९ मध्ये आदिवासी वारशाच्या रक्षणासाठी बंद झाला. टेक्सासच्या ह्युएको टँक्समध्ये प्राचीन भित्तिचित्रांमुळे स्वतःहून फिरता येतो त्या डोंगरावर एका वेळी ७० जणांनाच सोडतात. शिकारी पक्ष्यांच्या विणीच्या काळात तर जगभर कडे बंद ठेवतात. मला हे पटतं. पण राहायला जाणाऱ्याने हे आधी विचारायला हवं, कारण वर्षातले काही महिने असे जातात आणि ते नेमके आपल्या आवडत्या कड्याचे असू शकतात.

शनिवार

ठरलं ते असं. आर्को, पण घर सोडायच्या आधी तिथे त्याच्या वाईट महिन्यांत राहून बघायचं. एकदा डिसेंबर-जानेवारीत, जेव्हा डोंगराआड ऊन लवकर जातं, आणि एकदा जुलै-ऑगस्टमध्ये. चांगल्या महिन्यांत अजिबात जायचं नाही. राहायची जागा भाड्याने, स्वयंपाकघर असलेली, गावाच्या उन्हाच्या बाजूला. कामाचे तास पूर्ण भरायचे आणि उरलेल्या वेळात किती चढणं होतं ते बघायचं. रोपमेट, म्हणजे दोराचे जोडीदार, मिळतात का, तेही नवऱ्याला बाजूला ठेवून बघायचं. त्याला दर संध्याकाळी गळ्यात बिले अडकवणं बरं नाही.

सिउराना पुसलेलं नाही. पेन्सिलने बारीक गोल ठेवलाय. आर्कोचा जानेवारी जमला नाही तर पुढचा हिवाळा तिकडे.