रॅक मिक्सरचा शोध: चॅनल मोजत बसलो आणि आउटपुट मोजायचे राहिले

मंडळी, आमच्या बँडची उपकरणं एका चौकटीत बसवायचं, म्हणजे रॅकचं काम पुढे सरकलंय, पण मी आखलेल्या दिशेला नाही. डोक्यात पक्कं होतं की १यू चा एक छोटा लाइन मिक्सर (कीबोर्डसारख्या वाद्यांचे आवाज एकत्र करणारं खोकं) घ्यायचा, कीबोर्ड, ड्रम पॅड, लॅपटॉप सगळं त्यात घुसवायचं, दोन लीड (केबल) साउंडवाल्याच्या हातात द्यायच्या आणि वाजवायला मोकळं व्हायचं. १यू म्हणजे ४४.४५ मिमी उंची, रॅकमध्ये एक पट्टी, वजन नाही, मागे दोन जॅक वर-खाली बसतात, अजून काय पाहिजे? तर आता सांगतो काय पाहिजे ते.

आम्ही चौघं. कीबोर्डवाला मी, गातोही मीच, गिटारवाला पण गातो, एक बेस आणि एक जण ड्रम पॅडवर. (बेसवाल्याची लीड त्याच्या अँपमधून थेट साउंडवाल्याकडे जाते, तो हट्टी आहे, त्याला या हिशोबात फक्त कान आहेत, म्हणजे ऐकायचा इयरफोन.) गेल्या काही महिन्यांपासून लॅपटॉपवरून आधी रेकॉर्ड केलेले ट्रॅक चालवतो आणि सोबत क्लिक, म्हणजे लय धरायची टिक टिक. क्लिक फक्त आमच्या कानात, ट्रॅक बाहेर. ऐकायला सोपं आहे ना? मलाही सोपंच वाटलं होतं.

एका ओळखीच्याकडून १यू लाइन मिक्सर उसना आणला, कंपनीचं नाव घेत नाही कारण चूक त्याची नव्हती, माझी होती. आठ स्टिरिओ चॅनल, प्रत्येकावर एक लेव्हल, एक बॅलन्स आणि एक मॉनिटर सेंड (कानात किती जाईल ते ठरवणारा नॉब). लॅपटॉपच्या हेडफोन आउटमधून डाव्या बाजूला ट्रॅक मोनो करून आणि उजव्या बाजूला क्लिक अशी जुनी युक्ती केली, वाय केबलने दोन वेगळ्या चॅनलमध्ये नेलं. आता क्लिकच्या चॅनलची मेन लेव्हल शून्य केली की बाहेर जाणार नाही आणि सेंड उघडला की कानात येईल, बरोबर? लेव्हल शून्य केली आणि कानातून क्लिक गायब. परत वर केली, क्लिक कानात आली आणि स्पीकरमधूनही टिक टिक टिक. पाच मिनिटं मला वाटलं केबल गेली, केबल बदलली, दुसरी बदलली, मग मॅन्युअल उघडलं. सेंड पोस्ट-फेडर. म्हणजे सेंडला सिग्नल लेव्हलच्या नॉबनंतर मिळतो, नॉब बंद तर सेंड पण बंद. असा सेंड इफेक्टसाठी बरोबर असतो, कारण गायकाला खाली केलं की त्याचा रिव्हर्ब पण खाली जायला हवा. मॉनिटरला मात्र तो कुचकामी, तिथे प्री-फेडरच, म्हणजे नॉबच्या आधीचा, लागतो. आणि समजा प्री असता तरी सेंड एकच, म्हणजे चौघांच्या कानात एकच मिक्स. ड्रमरला क्लिक कान फाटेस्तोवर हवी आणि मला नकोशी, त्यामुळे तेही जमलं नसतं.

दुसरी भानगड हमची, म्हणजे स्पीकरमधल्या घरघरीची. लॅपटॉप चार्जरवर असला की ५० हर्ट्झची घरघर आणि वर थोडी चुरचुर, चार्जर काढला की एकदम शांत. हे ग्राउंड लूपचं ठरलेलं लक्षण आहे, चार्जरचं अर्थिंग आणि मिक्सरचं अर्थिंग ऑडिओ केबलच्या शील्डमधून एकमेकांना भेटतात, आणि हेडफोन आउट अनबॅलन्स्ड असल्यामुळे त्या शील्डमधला करंट सरळ आवाजात उतरतो. ट्रान्सफॉर्मरवाला स्टिरिओ पॅसिव्ह डीआय (दोन्ही बाजूंचा थेट विद्युत संबंध तोडणारी डबी) लावला, हम बंद. पण पॅसिव्ह डीआयमध्ये साधारण १२:१ चा ट्रान्सफॉर्मर असतो, म्हणजे लेव्हल २१-२२ डीबी खाली, तो माइक इनपुटमध्ये लावण्यासाठीच बनवलेला असतो. लाइन मिक्सरमध्ये माइकचा बारीक सिग्नल वाढवणारा प्रीअँपच नाही, मग नॉब पूर्ण उघडूनही ट्रॅक दबलेला आणि मागे हिस्स. ज्यांच्याकडे फक्त कीबोर्ड आणि साउंड मॉड्यूल आहेत, सगळं +४ डीबीयूच्या आसपास, म्हणजे १.२३ व्होल्ट, त्यांच्यासाठी लाइन मिक्सर अजूनही झकास वस्तू आहे, बेरिंगरचा आरएक्स१६०२ त्याच कामाचा आहे. रेनचा जुना एसएम २६ तर मला मनापासून आवडतो, १यू मध्ये सहा इनपुटचा मिक्सर आणि सहा आउटपुटचा स्प्लिटर एकत्र, राउटिंगचा किडा असलेल्याने एकदा त्याचा ब्लॉक डायग्राम बघाच. पण माझं काम त्यात बसत नव्हतं.

मग जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं ते केलं, वहीचं पान आडवं धरून तक्ता काढला. डावीकडे काय काय आत येतं: कीबोर्ड दोन, पॅड दोन, गिटार एक, ट्रॅक दोन (स्टिरिओ हवेत आता), क्लिक एक, गाण्याचे माइक दोन, आपसात बोलायचा टॉकबॅक माइक एक. अकरा. वरच्या बाजूला कोणाला काय ऐकू जायला हवं: चार कान आणि साउंडवाला. चौकटीत फुल्या मारत गेलो. अकरा इनपुट कुठल्याही सोळा चॅनलच्या खोक्यात मावतात, घाम फुटला तो वरच्या ओळीला. कारण साउंडवाल्याला विचारलं तर तो म्हणाला दोन लीड देऊन चालणार नाही, गाणं मला वेगळं पाहिजे, गिटार वेगळी, पॅड वेगळं. त्याचं बरोबरच आहे, हॉल बघून गाणं वर-खाली करायचं तर ते वेगळंच हवं.

तर माझ्याकडून बाहेर जाणारे: कानाचे चार, कीबोर्ड आणि ट्रॅकचा स्टिरिओ म्हणून दोन, गिटार एक, पॅड एक. एकूण आठ. गाण्याचे माइक मिक्सरमधून न देता आधीच स्प्लिट करून एक फाटा त्याला, एक मला. बघा, इथे आख्खी निवड उलटी झाली, मी इतके दिवस "किती चॅनलचा घेऊ" विचारत फिरत होतो आणि खरा प्रश्न होता की मागे किती एक्सएलआर (तीन पिनांचे) आउट आहेत आणि त्यातले किती मला हवे तसे प्री-पोस्ट करता येतात.

या गाळणीतून बरंच गळलं. छोटे ॲनालॉग रॅक मिक्सर सगळे गेले, दोन-तीन ऑक्सच्या (वेगळं मिक्स बाहेर काढायच्या वाटा) वर सहसा कोणी जात नाही. बेरिंगरच्या एक्स३२ रॅक या डिजिटल मिक्सरमध्ये सोळा माइक इनपुट, आठ एक्सएलआर आउट, मॅट्रिक्स वगैरे सगळं, पण ३यू आणि आमच्या रॅकमध्ये वायरलेस रिसीव्हर बसल्यावर तेवढी जागाच उरत नाही, शिवाय उचलणार मीच. साउंडक्राफ्टचा यूआय२४आर चांगलाच भावला, ब्राउझरमधूनच चालतो, ॲप टाकायची कटकट नाही, पण तो कोणाकडे हाताळायला मिळाला नाही. बेरिंगरचा एक्सआर१८ मिळाला, हाही डिजिटल, टॅबलेटवरून चालणारा. सोळा माइक इनपुट, वर दोन लाइन, सहा ऑक्स आणि मेन डावा-उजवा. सहा आणि दोन आठ. अगदी काठोकाठ, एकही शिल्लक नाही हे मला खुपतंय, पण बसतंय.

दोन शनिवार-रविवार त्यावर घातले. ऑक्स १ ते ४ कान, प्री-फेडर. ऑक्स ५ गिटार, ६ पॅड. मेनवर फक्त कीबोर्ड आणि ट्रॅक, बाकी सगळ्या चॅनलचं मेनला जाणारं बटण बंद. क्लिकचं ते बटण बंद केल्यावर तिच्या फेडरवर चिकटपट्टी लावावीशी वाटली, पण स्क्रीनवर चिकटपट्टी लावून काय उपयोग म्हणा. लॅपटॉप आता यूएसबीने थेट, ट्रॅक आणि क्लिक ॲनालॉग केबलमधून येतच नाहीत, त्यामुळे तीन इनपुट मोकळे झाले आणि चार्जर लावूनही घरघर नाही, निदान घरी तरी. डीआय मात्र पिशवीत ठेवणारच, लॅपटॉप रुसला तर फोनवरून ट्रॅक सोडायला.

एक गोष्ट उशिरा लक्षात आली. ऑक्स ५ वरून साउंडवाल्याला जाणारी गिटार मी ईक्यूच्या (आवाजाचा पोत बदलणारे नॉब) आधीच्या जागेवरून घेऊन पाठवतोय, म्हणजे गिटारवाल्याने कानासाठी ईक्यू फिरवला तरी बाहेर फरक पडत नाही. पण गेन? गेन, म्हणजे आत येणारा सिग्नल किती वाढवायचा ते, सगळ्याच्या आधी बसतो, तो हलवला की कान, बाहेर, रेकॉर्डिंग सगळं एकदम हलतं. तालमीत ड्रमरने "पॅड कमी ऐकू येतंय" म्हणून टॅबलेटवर गेन वाढवला आणि सगळेच दचकलो. आता नियम, साउंडचेकनंतर गेनला हात लावायचा नाही, कान हवा तर आपापला सेंड.

स्प्लिटबद्दल थोडं. डायनॅमिक माइकची लीड साध्या वायने दोन प्रीअँपना दिली तर दोन्हींचा भार समांतर येतो, प्रत्येकी २ किलोओहम धरला तर १ किलोओहम, माइक १५० ते ३०० ओहमचा असतो त्यामुळे चालून जातं. पण दोन मिक्सरची अर्थिंग परत एकमेकांना भेटतात आणि हमला आयतं आमंत्रण मिळतं, म्हणून ट्रान्सफॉर्मरवाला स्प्लिटर घेतलाय, माझी बाजू थेट आणि साउंडवाल्याची ट्रान्सफॉर्मरमधून. फँटम (माइकला केबलमधूनच मिळणारी वीज) ट्रान्सफॉर्मर ओलांडत नाही, म्हणजे उद्या कंडेन्सर माइक आणला तर ४८ व्होल्ट माझ्याकडूनच द्यावे लागतील, हे रॅकच्या झाकणावर आतून लिहून ठेवलंय.

डिजिटल मिक्सरमधून आवाज बाहेर पडायला जो किंचित उशीर होतो त्याची मला भीती होती. आवाज १ मिलिसेकंदात हवेतून साधारण ३४ सेंटीमीटर जातो, म्हणजे २ मिलिसेकंद म्हणजे स्पीकर दीड हात मागे सरकवल्यासारखं, कीबोर्ड वाजवताना मला काहीही जाणवलं नाही. गाताना मात्र गिटारवाला म्हणतो की स्वतःचा आवाज किंचित पोकळ वाटतो, हाडातून येणारा आणि कानातून येणारा एकमेकांत मिसळतात म्हणून असेल, कानाची पोलॅरिटी उलटी करून बघायला सांगितलंय.

राहिलं वायफाय. आतला वायफाय २.४ गिगाहर्ट्झचा, घरी छान चालतो, पण शंभर फोन खिशात असलेल्या हॉलमध्ये त्यावर भरवसा ठेवायची माझी तयारी नाही. कनेक्शन तुटलं तरी आवाज बंद होत नाही, फक्त आपल्या हातात काही राहत नाही, पण शिट्टी सुरू झाली असेल तर तेवढंही पुरे. म्हणून ५ गिगाहर्ट्झवाला छोटा राउटर नेटवर्क केबलने जोडलाय. तो बसवायला जागा नाहीये, सध्या रॅकच्या मागे वेल्क्रोने चिकटवलाय आणि त्याचा अडॅप्टर पॉवर पट्टीची दोन भोकं अडवतो. पुढच्या आठवड्यात मागे १२ भोकांची पॅच पट्टी येतेय, आठ आउट आणि दोन स्प्लिट मिळून दहा, अकराव्यात नेटवर्कचं सॉकेट. बाराव्या भोकात काय घालू ते सुचवा, मी हेडफोन म्हणतोय, ड्रमर म्हणतो पंखा.