‘मॅडम, बी.एड. करू का?’

नागपूर, रविवार, रात्रीचे सव्वा दहा

काल शनिवारची सकाळची शाळा सुटल्यावर माझी एक जुनी विद्यार्थिनी भेटायला आली. सात वर्षांपूर्वी ती आमच्याकडून दहावी झाली, आता गणितात एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. वडील ऑटो चालवतात. एका कोचिंग क्लासने तिला महिना तीस हजारांवर शिकवायला बोलावले आहे आणि तिच्या मनात मात्र बी.एड. करून शाळेत शिकवण्याचे आहे. घरी दोन मते आहेत. तिने मला सरळच विचारले, ‘मॅडम, बी.एड. करू का? तुम्ही जे सांगाल ते मी करीन.’ माझ्या नोकरीला अठरा वर्षे पूर्ण झाली आहेत, तरीही त्या क्षणी मला उत्तर देता आले नाही. सोमवारी फोन करते, एवढेच मी तिला म्हणाले. आज दिवसभर बोर्डाच्या पूर्वपरीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासत असताना तिचे ते शेवटचे वाक्य माझ्या मनावर दडपण आणत होते, म्हणून आता तपासणी बाजूला ठेवून लिहायला बसले आहे.

संध्याकाळी मी कपाटातून जुने बँक पासबुक काढले. २००७ मध्ये मी शिक्षण सेवक म्हणून लागले तेव्हा माध्यमिक शाळेतील शिक्षण सेवकाला महिना ४,००० रुपये मानधन मिळत असे आणि तीन वर्षे त्यावरच काढायची होती. मी बी.एस्सी., बी.एड. होते, सात तासिकांपैकी सहा घेत होते आणि शाळेतील कायम शिक्षकाच्या कामात आणि माझ्या कामात काडीचाही फरक नव्हता. त्या तीन वर्षांत माझ्या आईने मला एकदाही पैशांबद्दल विचारले नाही, कारण तिला आकडा ठाऊक होता. पुढे वेतनश्रेणी लागली, सातवा वेतन आयोग आला, बारा वर्षे झाल्यावर वरिष्ठ श्रेणीही मिळाली. आज मानेवाड्यातल्या आमच्या फ्लॅटचा हप्ता मी भरते, मुलाचे इंजिनिअरिंगचे शुल्क भरते आणि महिनाअखेर कोणाकडे हात पसरावा लागत नाही. शिक्षकाला पगार फार कमी असतो, असे अनुदानित शाळेतील कायम शिक्षकाने म्हणणे खरे नाही, आणि मी तिला तसे सांगणार नाही. माध्यमिक शिक्षकाचे मूळ वेतन आज ३८,६०० रुपयांपासून सुरू होते, त्यावर महागाई भत्ता आणि घरभाडे भत्ता मिळतो. या शहरात एका कुटुंबाने नीट राहावे, एवढे ते निश्चित आहे. एक उणीव मात्र मोठी आहे. १ नोव्हेंबर २००५ पासून लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही आणि मी दोन वर्षांनी उशिरा लागले. मार्च २०२३ च्या संपात मी संविधान चौकात उभी होते, तेव्हा दहावीची परीक्षा चालू होती आणि माझ्या वर्गातली मुले पेपर देत होती. त्या आठवड्याचा विचार आला की मला अजूनही अस्वस्थ वाटते.

पण ती मुलगी माझ्या आजच्या पगाराविषयी विचारत नव्हती. त्या पगारापर्यंत जाणारा रस्ता कसा आहे, हे तिला हवे होते, आणि तो रस्ता मी चालले त्याहून आज कितीतरी लांब झाला आहे. आमच्या वेळी बी.एड. एका वर्षाचे होते, २०१५ पासून ते दोन वर्षांचे झाले. त्यानंतर शिक्षक अभियोग्यता चाचणी द्यायची, शासनाच्या शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवर नाव नोंदवायचे आणि निवड यादीची वाट पाहायची. ही चाचणी दरवर्षी होत नाही. पहिली डिसेंबर २०१७ मध्ये झाली, दुसरी थेट २०२३ मध्ये आणि तिसरी २०२५ च्या उन्हाळ्यात. मे २०१२ मध्ये शिक्षक भरती थांबवली गेली तेव्हा ज्यांनी नुकतेच बी.एड. केले होते, त्यांची उमेदीची वर्षे कशी गेली हे मी जवळून पाहिले आहे, कारण माझी धाकटी चुलतबहीण त्यांच्यापैकी एक आहे. तिने शेवटी शिलाईचे दुकान टाकले, दुकान चांगले चालते, पण मुलांच्या वह्या दिसल्या की ती आजही हातात घेऊन चाळते. निवड झालीच तर पुन्हा तीन वर्षे शिक्षण सेवक. मानधन जानेवारी २०२३ पासून वाढले आहे, प्राथमिकला १६,०००, माध्यमिकला १८,००० आणि उच्च माध्यमिकला २०,००० रुपये. म्हणजे ही तेवीस वर्षांची मुलगी सगळे सुरळीत झाले तरी तिशी गाठेपर्यंत पूर्ण पगार पाहणार नाही, आणि कोचिंग क्लास तिला या जूनपासूनच तीस हजार द्यायला तयार आहे. हा हिशेब मी कागदावर मांडला, दोनदा तपासला आणि तो मला कुठेच चुकलेला दिसला नाही.

याहूनही मला बोलायला जड जाते ते आमच्या शिक्षक खोलीतल्या एका टेबलाविषयी. माझ्या शेजारी बसणारे सर माझ्यापेक्षा अधिक शिकलेले आहेत, विज्ञान माझ्यापेक्षा चांगले शिकवतात आणि त्यांची तुकडी टप्पा अनुदानावर, म्हणजे शासन टप्प्याटप्प्याने वाढवते त्या अनुदानावर आहे. सुरुवातीची कित्येक वर्षे त्यांना शासनाकडून एक रुपयाही मिळाला नाही. आता मिळतो तो माझ्या पगाराच्या एका हिश्श्याइतका. सकाळी सहा वाजता ते नंदनवनात शिकवणी घेतात, मग शाळा, मग संध्याकाळी पुन्हा शिकवणी. हजेरीपट तोच, पाठाचे टाचण तेच, मुले तीच, आणि मुलांना या फरकाचा पत्ताही नसतो. मला दर महिन्याला पगार जमा झाल्याचा संदेश येतो तेव्हा मी मोबाईल उलटा ठेवते. अधिवेशनाच्या काळात विधान भवनाच्या दिशेने निघणाऱ्या मोर्चांत विनाअनुदानित शिक्षकांचा मोर्चा नाही, असा डिसेंबर मला तरी आठवत नाही. शहराला त्यामुळे होणारी वाहतुकीची कोंडी दिसते. तिथे बसलेला माणूस घरी काय सांगून निघाला असेल, याचा विचार फार थोडे लोक करतात.

आणि पैसे भरून मिळवलेली जागा. मलाही २००६ मध्ये एका संस्थेत बोलावून आकडा सांगितला गेला होता. बाबांनी मुलाखतीच्या खोलीतूनच मला उठवून बाहेर आणले आणि वाटेत एक शब्दही बोलले नाहीत. २०२५ मध्ये याच नागपुरात बोगस शालार्थ आयडीचे, म्हणजे शिक्षकांच्या ऑनलाइन पगारासाठी लागणाऱ्या ओळख क्रमांकाचे, प्रकरण बाहेर आले, ज्यांच्या नेमणुकाच खऱ्या नव्हत्या अशांना पगार मिळत होता असे तपासात पुढे आले, तेव्हा मला सगळ्यांत आधी आठवले ते पात्रता असून घरी बसलेले माझे विद्यार्थी.

कामाच्या ताणाबद्दल तिने विचारले नाही, पण ते मी सांगितलेच पाहिजे. दिवाळीनंतरच्या एका आठवड्यात मी सहज म्हणून रोजचे तास लिहून ठेवले होते, ते पान आज पुन्हा पाहिले. वर्गात प्रत्यक्ष शिकवले १९ तास. वह्या आणि घटक चाचण्या तपासल्या ९ तास. टाचण आणि तयारी ५ तास. ऑनलाइन माहिती भरणे, नावांची दुरुस्ती, शिष्यवृत्तीचे अर्ज, पालकांना कागदपत्रांसाठी फोन, असे सगळे मिळून ११ तास. मतदार यादीचे काम ७ तास. बेरीज ५१. शिक्षणाच्या हक्काच्या कायद्यात पहिली ते आठवीच्या शिक्षकासाठी तयारीसह आठवड्याला ४५ तास धरले आहेत. जास्तीच्या सहा तासांची मला तक्रार नाही, माझी तक्रार त्या अकरा आणि सात तासांची आहे. दाखल खारीज नोंदवहीत मुलाचे नाव एक, आधार कार्डावर दुसरे, जन्मतारखेत एका दिवसाचा फरक, आणि तो जुळेपर्यंत पोर्टल मुलाला पुढे सरकू देत नाही. संचमान्यतेच्या वेळी, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदे ठरतात तेव्हा, ही जुळणी झाली नाही तर पट कमी दिसतो आणि एखादा शिक्षक अतिरिक्त ठरू शकतो, म्हणून आम्ही शिकवणे सोडून त्याच्यामागे धावतो. त्याच कायद्याच्या कलम २७ मध्ये शिक्षकाला जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून अन्य अशैक्षणिक काम देऊ नये असे म्हटले आहे. हे अकरा तास मात्र शाळेचेच काम समजले जातात, त्यामुळे ते कोणत्याच कलमात अडकत नाहीत.

इथे मला महात्मा फुल्यांची आठवण होते. १८८२ मध्ये शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी प्राथमिक शिक्षकाच्या पगाराचा आकडाच मांडला होता: प्रशिक्षित शिक्षकाला महिना बारा रुपयांपेक्षा कमी नको, मोठ्या गावांत पंधरा किंवा वीस हवेत. त्याबरोबर त्यांनी असेही सुचवले होते की, गावाचे हिशेब तपासणे, दस्तांची नोंदणी, टपालाचे काम अशी जबाबदारी शिक्षकाकडे द्यावी, म्हणजे गावात त्याचे वजन वाढेल. मी हे प्रथम वाचले तेव्हा बराच वेळ थांबले होते. शिक्षकाला जास्तीचे काम देण्याची कल्पना त्यांच्या मनात होती, पण ती त्याची प्रतिष्ठा वाढावी म्हणून होती आणि पगाराची मागणी तिच्या आधी होती. आज काम आले आणि त्यातली प्रतिष्ठा तेवढी गळून गेली. कायम नोकरीतल्या माणसाचा पगार फार आहे, त्याने थोडे जास्त केले तर काय बिघडले, असे लोक म्हणतात तेव्हा मला सांगावेसे वाटते की ते तास माझ्या खिशातून जात नाहीत, ते आठवी ब मधल्या मुलांच्या वाट्याचे असतात.

नोकरी लागली की परीक्षा संपल्या, असेही आता राहिलेले नाही. १ सप्टेंबर २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर, पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या ज्या शिक्षकांच्या निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ आहे त्यांना दोन वर्षांत टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, उत्तीर्ण होणे भाग आहे. आमच्या प्राथमिक विभागातल्या एक बाई एकोणपन्नास वर्षांच्या आहेत. मधल्या सुटीत त्या डबा एका हाताने खातात आणि दुसऱ्या हाताने बालमानसशास्त्राच्या पुस्तकाची पाने उलटतात. पंचवीस वर्षे पहिलीच्या मुलांना वाचायला शिकवलेली ही बाई, आणि तिच्या चेहऱ्यावर परीक्षेची भीती आहे.

इतके लिहून झाल्यावर तिला ‘नको’ म्हणणे सोपे होते. पण मग जुलैतला दहावी अ चा एक तास आठवला.

दोन चलांतील रेषीय समीकरणे चालू होती. एका चलाचा लोप का करायचा, हे मी दोन दिवस सांगत होते आणि मुले रीत पाठ करत होती, तिचा अर्थ त्यांना लागत नव्हता. शेवटच्या बाकावर एक मुलगा बसतो, त्याचे वडील कळमना बाजारात हमाली करतात आणि सुट्टीत तोही त्यांच्याबरोबर जातो. तो वर्गात कधी बोलत नाही. त्याच्याकडे पाहून मला सुचले आणि मी पुस्तकातले उदाहरण पुसून फळ्यावर दुसरे लिहिले: हातगाडीवर संत्र्यांचे तीन क्रेट ठेवले तर वजन ८४ किलो, पाच ठेवले तर १२४ किलो, तर एका क्रेटचे वजन किती? समीकरण मांडायच्या आत तो उभा राहिला. ‘मॅडम, गाडी तं दोन्हीकडं तेवढीच हाय नं, मंग ते उडूनच जाते. दोन क्रेट चाळीस किलो.’ मी विचारले, आणि गाडी? तो म्हणाला, ‘चोवीस. ते तं बारदान झालं.’ वजनकाट्यावर बारदान, म्हणजे मालाखेरीजचे वजन, वजा करण्याचा त्याचा रोजचा व्यवहार आणि पाठ्यपुस्तकातला चलाचा लोप या एकच गोष्टी आहेत, हे त्याला त्या क्षणी कळले आणि खरे सांगायचे तर मलाही तेव्हाच इतके स्वच्छ कळले. त्यानंतर आठवडाभर वर्गातली मुले एकमेकांना ‘बारदान काढ’ असे म्हणत गणिते सोडवत होती. परवा तपासलेल्या पूर्वपरीक्षेच्या उत्तरपत्रिकेत त्या मुलाने तो प्रश्न पूर्ण सोडवला आहे, आणि समीकरणांच्या शेजारी कच्च्या कामात एक छोटी हातगाडी काढली आहे.

कोचिंग क्लासमध्येही असा तास होऊ शकतो, हे मी नाकारत नाही. पण तिथे शुल्क भरून येणारे मूल असते. कळमन्यातला हा मुलगा तिथे पोहोचत नाही. तो जिथे येतो त्या वर्गात चांगली गणित शिकवणारी बाई हवी, आणि ही मुलगी तशी होईल असे मला वाटते, कारण नववीत असताना ती मैत्रिणींना मधल्या सुटीत समजावून सांगायची आणि समोरची अडली की चिडण्याऐवजी दुसरे उदाहरण शोधायची. माझ्या स्वार्थाचाही यात भाग आहे. माझ्यानंतर या वर्गात कोण उभे राहणार, याची मला काळजी आहे.

म्हणून मी तिला ‘कर’ म्हणणार आहे. त्याबरोबर तिला आकडे दाखवणार आहे, सगळे, तिशीपर्यंतचा तो कागददेखील. कोणत्याही संस्थेला जागेसाठी पैसे देणार नाही, हे तिने आधी घरी कबूल करून घ्यावे. विनाअनुदानित तुकडीवर ‘आज ना उद्या अनुदान येईल’ या आशेवर दोन वर्षांपेक्षा जास्त थांबू नये. बी.एड. चालू असताना सकाळच्या बॅचपुरते कोचिंगचे काम मिळते का ते पाहावे, म्हणजे वडिलांवर भार पडणार नाही. अभियोग्यता चाचणीचा अभ्यास पहिल्याच वर्षी सुरू करावा, कारण ती कधी जाहीर होईल हे कोणाच्याच हातात नसते. आणि या सगळ्याआधी एक गोष्ट.

बुधवारी चौथ्या तासिकेला आठवी ब मध्ये बैजिक राशींचे अवयव सुरू होत आहेत. त्या वर्गात बावन्न मुले आहेत, पंखा एकच चालतो आणि शेजारी कबड्डीचे मैदान आहे. तो तास तिने घ्यावा, मी मागे बसेन. मुख्याध्यापकांची परवानगी उद्या प्रार्थनेच्या आधी विचारून घेते आणि मग तिला फोन करते.

अजून अठरा उत्तरपत्रिका राहिल्या आहेत.