फाउल कोणी सांगायचा?
आमच्या पूल (टेबलावर काठीने बॉल मारून खिशात पाडायचा खेळ) लीगमध्ये वेगळा रेफरी नसतोच, समोर बसलेला प्रतिस्पर्धीच रेफरी, सगळी भांडणं तिथूनच. परवा एट बॉलमध्ये (पूलचाच प्रकार, दोघांचे बॉल वेगवेगळे) माझा आणि त्याचा बॉल अगदी शेजारी शेजारी, क्यू बॉल (काठीने मारायचा पांढरा बॉल) दोन्हींना एकदमच लागल्यासारखा वाटला, तो म्हणतो आधी त्याचा लागला म्हणून फाउल, मी म्हणतो नाही. नियम असा की आधी कुठला लागला हे कळलंच नाही तर निकाल शॉट मारणाऱ्याच्या बाजूने. पण खरं तर शॉटआधीच तिसऱ्याला बघायला बोलवायचं असतं, नंतर बोंबलून काय उपयोग! पुढच्या गेमला माझा क्यू बॉल बॉलला नुसता टेकला, कुशनला (टेबलाच्या कडेला) काहीच लागलं नाही. तो मोबाईलमध्ये. मीच फाउल सांगितला, बॉल इन हँड (क्यू बॉल हवा तिथे ठेवून खेळायची मुभा) दिला. हरलो राव. हात मिळवताना म्हणतो, 'मघाचा शॉट बरोबर होता तुझा.' आत्ता सांगतोय!